ऐवळ्यांचा तांबडा ड्रम

काचेवर टकटक झाली. "सायेब, गाडी जरा कडंला घ्या. नवरदेव मारुतीला चाललाय."

मी जीप एका भिंतीला लावली आणि इंजिन बंद केलं. सांगोल्यातला अरुंद बोळ, १९९७ सालचा मे महिना, दुपारचे साडेचार. मी तेव्हा विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायचो. कुठं आग लागली, ट्रक उलटला, गोदामात पाणी शिरलं, की जाऊन बघायचं आणि किती रुपयांचं गेलं ते लिहून द्यायचं. त्या दिवशी पेंडीचं एक जळकं गोदाम बघून मी सांगलीला घरी निघालो होतो. कपड्यांना धुराचा वास येत होता आणि कधी एकदा आंघोळ करतो असं झालं होतं.

बँड जवळ आला. आठ-नऊ माणसं, विटलेले निळे कोट, डोक्याला टोप्या. ट्रंपेट सुरात नव्हतं, मोठा ढोल नुसता बदबदत होता. पण त्या सगळ्याच्या वरून एक आवाज येत होता, कडक, कोरडा, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. मधूनच तो इतका बारीक व्हायचा की पत्र्यावर कोणी मूठभर मोहरी सांडतंय असं वाटावं. मी जीपमधून उतरलो.

साइड ड्रम वाजवणारा पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा माणूस होता. बाकीचे घामानं निथळत होते, वऱ्हाडी नाचत होते, आणि हा मान एका बाजूला कलवून, डोळे अर्धे मिटून, माळावर एकटाच बसल्यासारखा वाजवत होता.

मारुतीच्या देवळापाशी बँड थांबला. नवरदेव आत गेला. मी त्या माणसाजवळ गेलो.

"मास्तर, ड्रम जरा बघू?"

त्यानं माझ्याकडं धड बघितलंही नाही. खांद्यावरचा पट्टा काढून ड्रम सरळ माझ्या हातात दिला आणि पाणी प्यायला गेला.

ड्रम वाटला होता त्यापेक्षा जड होता. अंगावर तांबड्या ऑइलपेंटचे थरावर थर, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ऐवळे ब्रास बँड, सांगोला'. मी तो उलटा केला. खालच्या पानाला, म्हणजे कातड्याला, लागून तारा ताणलेल्या असतात, त्यांच्यामुळंच साइड ड्रमला तो चुरचुरीत आवाज येतो. त्या तारा सैल-घट्ट करायची कळ मी बघितली आणि वाकून पुन्हा बघितली. तशी कळ मी आजवर फक्त छापील चित्रात बघितली होती. पट्ट्याच्या आकड्यानं घासून घासून एका जागचा नखाएवढा रंग उडाला होता. त्याखाली काळंभोर, निळसर झाक असलेलं अंग दिसत होतं आणि त्यावर कोरलेली अर्धी पाकळी.

शाळेत असताना मी बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. नोकरी लागल्यावर मिरजेत एका भंगारवाल्याकडून पहिला जुना ड्रम घेतला आणि मग ते वेडच लागलं. लष्कराच्या छावण्या, मिशनच्या शाळा, रेल्वेचे क्लब, जिथं जिथं गोऱ्यांनी ड्रम आणले तिथं तिथं मी जाऊन आलो. त्या मे महिन्यात माझ्या माडीवरच्या काचेच्या कपाटात अकरा ड्रम होते. मी ते वाजवत नसे. वाजवल्यानं कडांवर चरे पडतात. मुंबईचे कावसजी, ज्यांच्याकडून मी हे सगळं शिकलो, ते म्हणायचे, जुन्या ड्रमला एक भोक जास्त पाडलं की किंमत अर्धी, आणि मूळ मुलामा गेला की मोडीचा भाव. त्यांच्याकडं परदेशातल्या लिलावांच्या याद्या यायच्या. त्यांची झेरॉक्स ते मला पाठवायचे. शिकागोच्या एका कारखान्यात सत्तर वर्षांपूर्वी बनलेला, काळ्या मुलाम्याचा, हातानं नक्षी कोरलेला पितळी ड्रम त्या याद्यांत सगळ्यात वर असायचा.

आणि तो आता माझ्या हातात होता.

"कुठनं आणला हा?" मी विचारलं.

"आनतोय कुठनं? आमच्या आज्जाचा हाय." मास्तर मिशीवरचं पाणी पुसत म्हणाले. "आज्जा संस्थानच्या बँडात हुता. संस्थान मोडलं तवा पगार थकल्याला. राजेसायबांनी सांगितलं, ज्यानं त्यानं आपापलं वाद्य घरी न्या. आज्जानं ह्यो आनला."

"देणार का?"

"काय?"

"ड्रम. विकत."

ते हसले. "आन मी काय वाजवू सायेब, गाल?"

त्यांचं नाव शिदराम ऐवळे. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. गावाच्या कडेला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं सारवलेलं अंगण, ओट्यावरच्या खुंट्यांना वाद्यं टांगलेली. घरात मास्तर, त्यांच्या बायको हौसाबाई, आणि धाकटा भाऊ पोपट, त्याची बायको, दोन मुली. मास्तरांना मूल नव्हतं. पोपट दोन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा हौसाबाई नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. "ह्येला मीच न्हानाचा मोठा केला," त्या चहाचा कप माझ्यापुढं ठेवत म्हणाल्या. पोपट चाळिशीचा होता, तरी तेव्हा लाजला. तो ट्रंपेट वाजवायचा आणि लग्नांच्या सुपाऱ्याही तोच घ्यायचा.

मी पाच हजार म्हणालो. मास्तरांनी मान हलवली. मी दहा हजार आणि वर नवा कोरा ड्रम म्हणालो. कुणी गंमत केल्यासारखे ते माझ्याकडं बघून हसले.

"सायेब, बसा. तुमाला ऐकायचं हाय न्हवं? ऐका."

त्यांनी मांडीवर ड्रम तिरका घेतला, काड्या उचलल्या आणि रोल सुरू केला. आधी ऐकूच येत नव्हता. मग कुठंतरी लांब पाऊस पडत असल्यासारखा आला, अंगणात आला, पत्र्यावर आला, आणि पुन्हा हळूहळू लांब गेला. कुठंही सांधा नाही. हौसाबाई चुलीपाशी तव्यावर भाकरी तशीच ठेवून ऐकत होत्या. चाळीस वर्षं त्या हेच ऐकत आल्या असणार.

"वा," मी म्हणालो. माझे डोळे त्या उडालेल्या रंगाच्या जागेवर होते. पाकळीच्या शेजारी देठ होता का, ते मला बसल्या जागेवरून दिसत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी सांगोल्याला जात राहिलो. कधी काम असायचं, कधी काम आहे असं घरी सांगायचो. जाताना हौसाबाईंसाठी मिरजेचे पेढे न्यायचो, पोपटच्या मुलींसाठी वह्या. मास्तर मला शिकवायचे. "मनगट सोडा सायेब. काडीला उडू द्या, तिला दाबू नगा. तुमी निस्तं बघा." मला रोल कधी जमला नाही. एकदा पुसायच्या निमित्तानं मी पेट्रोलमध्ये भिजवलेला रुमाल ड्रमच्या कडेला घासून बघितला. रंग सुटला आणि खालचा काळा मुलामा जराही हलला नाही. मास्तरांना मी म्हणालो, रंग चांगला घट्ट बसलाय.

शेजारीपाजारी ते सांगायचे, "सायबाला कान हाय. सांगलीवरनं येतोय ऐकाया."

मी पुन्हा दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा ते हसले नाहीत. "ह्येची किंमत करू नगा," म्हणाले. "किंमत केली की बाहेर काडायला भ्या वाटतं. मग वाजवायचं कसं?"

ऑगस्टमध्ये एकदा गेलो तर मास्तर आणि हौसाबाई आटपाडीला बहिणीकडं गेले होते. पोपट एकटाच ओट्यावर बसून कुठल्याशा बँजो पार्टीचं छापील पत्रक बघत होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कर्णे, जनरेटर, कॅसिओ, झगमगत्या कोटातली पोरं.

"आता हेच चालतंय सायेब," तो म्हणाला. "यंदा आमच्या सात सुपाऱ्या मोडल्या. पितळी बँड कुनाला नगं. दादाला सांगून सांगून थकलो. दादा म्हनतो, सपनार असंल तर वाजवत सपू."



"एक इचारू का? खरं सांगा." त्यानं पत्रक घडी करून खिशात ठेवलं. "त्या ड्रमापायी तुमी एवढ्या येरझाऱ्या घालताय. दहा हजार म्हनालात. त्येची खरी किंमत काय हाय?"

दुपारची वेळ होती. समोर ओलं अंगण, त्यात कोंबड्यांच्या पायांचे ठसे. मी क्षणभर थांबलो, मग म्हणालो, "तुला खरं सांगायलाच पाहिजे. दीड लाख."

तो हसला. मग माझ्याकडं बघून थांबला.

"दीड लाख?"

"रंग नीट काढला, खालची नक्षी शाबूत निघाली, तर."

बॅगेतून मी कावसजींची यादी काढली आणि त्याला चित्र दाखवलं. डॉलरमधला आकडा दाखवला, रुपयांत किती होतात ते शेजारी पेननं लिहून दाखवलं. तो कागद त्यानं गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ बघत बसला. निघताना यादी तिथंच राहिली. जीपमध्ये बसल्यावर मला बरं वाटलं. एका गरीब माणसाला मी खरं ते सांगितलं होतं, दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.

पुढं दीड महिना मी गेलो नाही. दसऱ्यानंतर गेलो तेव्हा ओट्यावरच्या खुंटीला ड्रम नव्हता.

आतल्या खोलीत लोखंडी ट्रंक होती. तिच्या कडीला दोन कुलपं होती. एकाची किल्ली मास्तरांच्या कमरेला, दुसऱ्याची पोपटच्या.

"बसा," मास्तर म्हणाले. त्यांची दाढी वाढली होती. हौसाबाईंनी चहा आणला, पण नेहमीसारख्या तिथं बसल्या नाहीत.

"काल भाड्याच्या ड्रमावर देवीची मिरवणूक वाजवली," मास्तर म्हणाले. "ठोकळा वाजवल्यासारखं वाटलं. ह्यो म्हनतो, आता त्यो बाहेर काडायचा न्हाई. चरा पडंल. आन मी म्हनतो, वाजवायचा न्हाई तर ठेवायचा कशाला."

"इकायचा म्हनून," दारातून पोपट म्हणाला. "मी काय चोरी करतोय का? माजी बी पोरं हायती. आज्जा काय तुजा एकट्याचा हुता?"

"आरं, मी तुला कदी काय कमी केलं?"

"मग आता का करतोस?"

मास्तरांनी कमरेची किल्ली चाचपली. जतला त्यांचे चुलतभाऊ होते, त्यांच्याही कानावर बातमी गेली होती. तेही आज्जाचे नातू. दोनदा येऊन भांडून गेले होते. गल्लीतले लोक उगीच घरात डोकावून ट्रंकेकडं बघून जात. हौसाबाईंनी दीड महिन्यात माहेरच्या बारशालाही घर सोडलं नव्हतं.

"येत्या सोमवारी पंच बसणार हायती," पोपट मला म्हणाला. "सायेब, तुमी यायला पायजे. तुमच्याच तोंडानं आकडा सांगा. न्हाईतर म्हनतील पोपट थापा मारतो."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. "या सायेब," ते म्हणाले. "तुमी खरं सांगाल."

सोमवारी सकाळी अंगणात सतरंजी पसरली होती. जमातीतले तीन वयस्कर लोक, जतचे दोन चुलतभाऊ, पोपट, मास्तर. हौसाबाई आणि पोपटची बायको दाराच्या आत. ट्रंकेतून ड्रम काढून सतरंजीवर मधोमध ठेवला होता. त्याला कोणी हात लावत नव्हतं.

त्यांच्यातले थोरले, ज्यांना सगळे बापू म्हणायचे, ते म्हणाले, "सायेब, तुमी जानते. ह्ये खरं का, ह्या डब्याचं दीड लाख येत्यात?"

येताना सगळ्या वाटेवर मी ह्याच प्रश्नाचा विचार करत आलो होतो. कागदावरची किंमत परदेशातली, इथं पाच हजारसुद्धा कोणी देणार नाही, एवढं म्हटलं असतं तर चुलतभाऊ धोतर झटकून उठले असते. पोपट चार दिवस रागावला असता. ड्रम पुन्हा खुंटीवर गेला असता.

"खरं आहे," मी म्हणालो. "आणि मी घ्यायला तयार आहे. दीड नाही, पण एक लाख चाळीस हजार मी देतो. तीन दिवसांत."

सतरंजीवर कुजबुज झाली. आठवड्यापूर्वीच मी कावसजींशी बोलून ठेवलं होतं. माझे चार ड्रम ते घेणार होते, बाकीचं पतपेढीतून उचलायचं होतं. चुलतभाऊ तिथल्या तिथं वाटे पाडायला लागले. पोपटनं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

मास्तर एवढा वेळ खाली बघत बसले होते. त्यांनी विचारलं, "सायेब, ही किंमत कशाची हाय?"

"म्हणजे?"

"न्हाई, आवाजाची हाय का?"

"आवाजाची..." मी जरा घुटमळलो. "आवाज चांगलाच आहे मास्तर. पण किंमत आवाजाची नसते. ती नक्षीची असते, मूळ मुलाम्याची. सत्तर वर्षं तशीच राहिली म्हणून."

"म्हंजी नक्षी नसती तर?"

"तर दोन-तीन हजार."

"आन आवाज त्योच?"

"आवाज तोच."

त्यांनी हळूहळू मान हलवली, जसं एखाद्या नव्या गाण्याची चाल समजून घेताना हलवायचे. "बरं," म्हणाले. "कळलं." मला वाटलं, मनाची तयारी करताहेत.

गुरुवारी दुपारी मी पैसे घेऊन गेलो. ड्रम ठेवायला जाड फोम आणि नवीन खोकं बरोबर घेतलं होतं. जीप थांबवली आणि अंगणातूनच मला दिसलं, ओट्यावरच्या खुंटीला काहीतरी पिवळंधमक लटकत होतं, उन्हात डोळ्यांवर येत होतं.

मी पळतच ओट्यावर गेलो. तोच ड्रम होता. तीच कळ. पण अंगावर ना तांबडा रंग ना काळा मुलामा, नुसतं उघडं पितळ, आणि पितळावर यंत्राच्या चकतीचे गोल गोल ओरखडे. मी तो काढून फिरवला. सगळीकडून फिरवला. एका जागी, कळीच्या मागं, जिथं चकती पोचली नव्हती, तिथं पाकळीचं एक टोक राहिलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं.

"नक्षी गेली," मी म्हणालो. "सगळी नक्षी गेली."

"व्हय," मागून आवाज आला. "ग्रिलवाल्याकडं नेला. त्येनं मशीन फिरवली. अर्ध्या तासात साफ."

मी वळलो. मास्तर दाराशेजारी बाजेवर बसले होते. मी त्यांच्यासमोरूनच ओट्यावर चढलो होतो. त्यांचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"मास्तर, हे काय करून बसलात?"

"तुमीच सांगितलं न्हवं का सायेब. किंमत नक्षीची, आवाजाची न्हाई. मला वाटलं, नक्षी काडली की भांडान सपलं. पुन्यांदा खुंटीला लावता येईल." त्यांनी ड्रमकडं बघितलं. "आवाज हाय तसाच हाय. वाजवून बघितला, एकदा."

"आणि हाताला काय झालं?"

"सायकलीवरनं पडलो."

चुलीपाशी बसलेल्या हौसाबाई वळून न बघता म्हणाल्या, "आमच्यात सायकल न्हाई."

मग त्याच सांगायला लागल्या, माझ्याकडं न बघता, हातातल्या फुंकणीकडं बघत. पोपटच्या वाट्याचं कुलूप मास्तरांनी पहारीनं तोडलं होतं. पोपट घरी आला, ड्रम बघितला, आणि त्याला काही सुधरेना. तीच पहार त्यानं उचलली. "ह्यांच्यावर न्हवती उचलली. लेकरू तसं न्हाई ते. ड्रमावर हाणाया गेला. ह्यांनी हात मधी घातला." त्या थांबल्या. "पहार टाकून पोरावानी रडला. आन सकाळी बायकापोरं घिऊन गेला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दोन ठिकानी मोडलंय," मास्तर म्हणाले. "बसंल म्हनत्यात. मनगट फिरायचं न्हाई पयल्यासारकं."

मी बाजेच्या कडेला बसलो. जीपमध्ये सीटखाली पैशांची पिशवी होती आणि जीप उघडीच राहिली होती, मला त्याचीही काळजी वाटत होती. ह्याची मला आजही लाज वाटते.

पोपट परत आला नाही. म्हसवडकडं त्यानं एका बँजो पार्टीत ट्रंपेट वाजवलं, पुढं स्वतःची पार्टी काढली असं कानावर आलं. हौसाबाईंना तो वर्षातून एकदा साडी पाठवायचा. मास्तर अजून आठ वर्षं जगले. बँड त्यांनी मोडला आणि एका मंगल कार्यालयात वॉचमन म्हणून राहिले. हे मला पुढं माहितीच्या माणसांकडून कळलं, कारण मी त्या दिवसानंतर सांगोल्याला गेलो नाही.

ही गोष्ट मी आजवर अनेकांना सांगितली आहे. जुनी वाद्यं जमवणारी माणसं एकत्र आली की हातातून निसटलेल्या वस्तूंच्या गोष्टी निघतात, आणि माझी सगळ्यांत भारी ठरते. ऐकणारे हळहळतात, नक्षीसाठी. मी पोपटला खरी किंमत सांगितली हे ते माझ्या सचोटीचं लक्षण म्हणून धरतात. मीही कधी खोडून काढलं नाही. पण ती यादी तिथं राहिली नव्हती. मी ती ठेवून आलो होतो. मास्तर मला ड्रम देणार नाहीत हे कळल्यावर, त्यांच्याशी घरातूनच कोणी भांडलं तरच तो बाहेर येईल, हे त्या ओट्यावर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं होतं. नुकसान बघायचा माझा धंदाच होता. कुठं ठिणगी पडली की काय काय जळतं ते मला कळत होतं.

आणि त्या गुरुवारचं शेवटचं तर मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी उठलो तेव्हा मास्तरांनी डाव्या हातानं खुंटीकडं बोट केलं.

"सायेब, त्यो घिऊन जा."

मला वाटलं, दोन-तीन हजार मागणार. "मास्तर, आता..."

"पैसं नगं," ते म्हणाले. "माजं वाजवनं सपलं. पोपट बगनार न्हाई त्येच्याकडं. घरात ठेवला तर हिला रोज दिसंल आन ही रोज रडंल. इकला तर कोनबी नेऊन त्येचं काय करंल कुनाला ठावं. तुमाला त्येचा आवाज कळतो. सा म्हैनं तुमी आवाजापायी एवढ्या लांबनं आलात. तुमी वाजवा. रोल बसंल हळूहळू."

मी ड्रमकडं बघितलं. घासलेलं पितळ, गोल ओरखडे, पाकळीचा तांदळाएवढा तुकडा. माडीवरचं काचेचं कपाट माझ्या डोळ्यांपुढं आलं. आता त्यात सातच उरले होते, सगळे मूळ मुलाम्याचे. हा त्यांच्यात बसणारा नव्हता. एवढाच विचार माझ्या मनात आला, दुसरा कुठलाही नाही.

"नको मास्तर," मी म्हणालो. "मी कसा नेऊ? आज्जाची वस्तू आहे. तुमच्या घरातच राहू द्या."

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. "लई मोटं मन हाय तुमचं," ते म्हणाले. "आमच्या रक्ताच्या मानसांनी ओढाताण केली. तुमी फुकाट दिल्याला बी घेतला न्हाई."

हौसाबाई चुलीपासून उठून आल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, माझ्यापुढं वाकल्या आणि जमिनीला हात टेकवून मला नमस्कार केला.

मी तो नमस्कार घेतला आणि जीपमध्ये जाऊन बसलो.